मुक्या जिवाचे मन ओळखणारे

गावाकडे कुत्रा असे तो अंगणात. दिवसभर आळीत हिंडावे, संध्याकाळी भाकरतुकडा खावा आणि रात्री राखण करावी, हा त्याचा शिरस्ता. इथे ब्रिटनमध्ये आपण कुत्रा पाळतो तो बंद घरात. नवरा-बायको कामावर, मुले शाळेत. मग तो दार ओरबाडतो, सोफा फाडतो, तासन् तास रडतो. शेजाऱ्यांची तक्रार येते आणि "हा बिघडला, देऊन टाकू" अशी भाषा घरात सुरू होते. त्या निर्णयाआधी प्राण्यांच्या वर्तनतज्ज्ञाची गाठ घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

हा तज्ज्ञ म्हणजे 'बस', 'ऊठ' शिकवणारा मास्तर नव्हे. जनावर असे का वागते, याचा तो शोध घेतो. पहिली पायरी मात्र जनावरांच्या डॉक्टरची. भलत्या जागी लघवी करणाऱ्या मांजरीला मूत्राशयाचा विकार असू शकतो. बोका वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. मार्ग तुंबला तर जीव जातो. सांधे दुखणारा कुत्राही हात लावताच गुरकावतो.

दुखणे नाही असे ठरले, की तज्ज्ञ घरचा दिनक्रम विचारतो आणि कुत्रा एकटा असतानाचे चित्रीकरण पाहतो. माणसे बाहेर पडताच आरडाओरडा सुरू होत असेल, तर तो बहुधा खोडसाळपणा नसून एकटेपणाची भीती असते. उपाय साधा, पण चिकाटीचा. आधी क्षणभरच बाहेर जायचे, तो घाबरण्याच्या आत परतायचे आणि ही वेळ हळूहळू वाढवायची.

आवाजाच्या भीतीचा प्रश्न तर आपल्याला विशेष जवळचा. ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र आणि आपली दिवाळी बहुधा मागेपुढेच येतात. इंग्लंडमध्ये २००४ च्या नियमांनुसार रात्री ११ नंतर फटाके उडवण्यास मनाई आहे. पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत सूट आहे. आपण आनंदात असतो, तेव्हा पलंगाखाली कोणी थरथर कापत असते. यावर तज्ज्ञ सांगतात ते असे: सणाच्या काही महिने आधीपासून फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावावा आणि त्याच वेळी आवडता खाऊ द्यावा. कुत्रा निर्धास्त राहिला तरच आवाज किंचित वाढवावा. डॉग्ज ट्रस्ट ही संस्था असे आवाज विनामूल्य देते. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी फिरणे अंधार पडण्यापूर्वी उरकावे, पडदे ओढावेत, लपायला कोपरा करून द्यावा. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही; खुशाल जवळ घ्यावे.

मारून वळण लागते, हा समज आपल्याकडे जुना. इथे त्याला 'टोळीचा पुढारी' या कल्पनेची जोड मिळाली. तिचे मूळ रुडोल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यातले होते. रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले. गुरकावणे ही कुत्र्याने दिलेली सूचना होय. मारून ती बंद केली, तर भीती तशीच राहते आणि पुढे तो सूचना न देताच चावू शकतो. घरात लहान मुले असतील, तर हे विसरून चालणार नाही.

एक सावधगिरी बाळगावी. 'वर्तनतज्ज्ञ' अशी पाटी या देशात कोणीही लावू शकतो. म्हणून ॲनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे की नाही, हे पाहावे आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जावे. जनावरांच्या काही विम्यांत या सल्ल्याचा खर्चही मिळतो; पॉलिसी वाचून पाहावी. इतके करूनही कुत्रा सांभाळणे झेपेना, तर त्याला दुसरे घर शोधण्यात कमीपणा नाही. पण आधी इतके तरी करावे.