आरंभीची शिल्लक

पहाटे ५.३०

चहाला उकळी येईपर्यंत माझी रोजकीर्द उघडी असते. कालची अखेरची शिल्लक २१४ रुपये. तीच आज आरंभीची शिल्लक म्हणून डावीकडे, जमेच्या बाजूला उतरवते, मग पाकीट ओट्यावर ओतून मोजते. आज जुळली. सुरुवातीची दोन वर्षं मी हिशेबाच्या वर्गात बायकांना 'रोज लिहा' म्हणून सांगायचे आणि स्वतःची वही महिनाअखेरीला अंदाजपंचे भरायचे. एका आजींनी भर वर्गात विचारलं, "बाई, तुमची वही दावा की." तेव्हापासून ती माझ्या पिशवीत असते.

८.४५

मंगळवेढ्याच्या स्टँडवरून एसटी. मार्च महिना आहे, ज्वारीची काढणी सरत आली आहे. काळ्या रानात कडब्याची बुचाडं उभी आहेत. इथल्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी ते वर्गात कौतुकानं सांगितलं, तेव्हा मागून प्रश्न आला, "मग भाव किती वाढला?" हिशेबाचा वर्ग असल्यावर असेच प्रश्न यायला हवेत, पण मी थोडी हिरमुसले होते.

१०.१५

वाटेत एका बँकेत उतरले. एका गटाचं पासबुक भरून घ्यायचं होतं. छपाईचं मशीन सलग तिसऱ्या आठवड्यात बंदच. काउंटरवरच्या माणसानं नेहमीप्रमाणे 'उद्या या' म्हटलं. त्याचा उद्या म्हणजे गटातल्या बाईची दोनशे-तीनशेची रोजंदारी, हे त्याच्या गावीही नाही.

बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं, तेव्हा ५०० गटांचा तो प्रयोग होता. दहा-वीस बायका, गहाण ठेवायला काही नाही. मग कर्ज कशाच्या भरवशावर? वहीच्या. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री इथली प्रत्येक बाई पाढ्यासारखी म्हणते. फक्त पाचवं सूत्र सगळ्या मिळून गटातल्या एकाच बारावी झालेल्या सुनेच्या गळ्यात घालतात. तिला दिवस गेले, ती माहेरी गेली, की वही थांबते. म्हणून हा सहा दिवसांचा वर्ग, ज्या स्वतःचा धंदा काढतायत त्यांच्यासाठी. आज चौथा दिवस.

१२.००

समाजमंदिर. पटावर बावीस, हजर चौदा, बाकीच्या काढणीला. शेळीवाल्या काकू, शिलाईवाली, दोघी किराणावाल्या, कडक भाकरी करणाऱ्या सासू-सून, शेंगाचटणीवाली. पाच जणींना लिहिता येत नाही, पण आकडे सगळ्यांना येतात. एसटीच्या पाट्यांनी आणि मोबाईलनं ते काम केलं आहे. लिहिता न येणारीच्या वहीत मी रकान्यांवर चित्रं काढून देते: शेंग, मिरची, सिलेंडर, रिक्षा.

पहिल्या वर्षी मी बी. कॉम.च्या तोऱ्यात डेबिट-क्रेडिटचे नियम फळ्यावर लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तिघीच आल्या. आता 'आलं' आणि 'गेलं' एवढ्यावर सुरू करते. खतावणी पाचव्या दिवशी, तेरीज जमली तर.

१२.३०

आज चटणीचा हिशेब. चटणीवालीनं उभं राहून तोंडी सांगितला, आणि मी फळ्यावर लिहीत गेले. पाच किलोची चटणी, पाव किलोची वीस पाकिटं, साठाला एक. आले १२००. गेले: लसूण १००, तिखट १२०, मीठ-जिरं ३०, पिशव्या ४०. एकूण २९०.

"नऊशे दहा सुटले," ती म्हणाली. चेहरा फुललेला.

"आणि शेंगदाणे?"

"ते घरचे हायेत."

"इकले असते तर?" हे मी नाही, किराणावालीनं विचारलं. पाच किलो, १३० च्या भावानं ६५०. वर्ग शांत झाला. मग कांडपाचे ५०, गॅसचे ३०. उरले १८०.

"तेवढे तर तेवढे," ती म्हणाली.

"तू आणि जाऊ, दोघी अर्धा अर्धा दिवस बसलात. त्याचं काय?"

"आमचं आमी बसलो की ओ. त्याला कसला पैसा?"

इथं वर्गाचे दोन तट पडले. घरच्या कामाला मजुरी लावायची तर भाकरीला, शेणाला, पाण्यालाही लावा, असं भाकरीवाल्या सासूबाईंचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण चटणी बाजारात जाते, भाकरी ताटात. शेवटी सगळ्यांनी मिळून शेतातल्या मजुरीचा दर धरला, तीनशे दिवसाला. दोघींचे अर्धे-अर्धे दिवस मिळून ३००. फळ्यावर ऋण १२० उमटलं. एका पाकिटाला खर्च ६६, विक्री ६०.

ती खाली बसली. मला दर वेळी या क्षणी अपराधी वाटतं. धंदा बरा चाललाय म्हणून आलेली बाई, मी तिला खडूनं तोट्यात घातलं.

मग शेळीवाल्या काकू बोलल्या, ज्यांची स्वतःची वही अजून कोरी आहे: "पाव किलो कोण घेतंय? आषाढीला पंढरपुरात वारकऱ्याला शंभर गिरामची पुडी दे की, तीस रुपयं." पन्नास पुड्या, १५०० रुपये. पिशव्यांचा खर्च ४० वरून ७५ धरला. खर्च १३५५. मजुरी धरूनही १४५ उरतात. फळा पुसून ती वजाबाकी चटणीवालीनं स्वतः केली, दोनदा.

२.००

पावत्या. हा धडा कंटाळवाणा, म्हणून मंगळवेढ्याची गोष्ट सांगते. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं लोकांना खुली केली, पांडुरंग विठू होऊन बिदरला गेला आणि बादशहाचे दाम चुकते केले. गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण दाम मोजल्यावर त्यानं काय मागून घेतलं? पावती. देवालाही कागद लागला. तुम्ही अडत्याकडून का घेत नाही?

हशा होतो, आणि अडत्याचा राग थोडा मोकळा होतो. पावती मागितली तर उद्या उधारी बंद करील, ही भीती मात्र गोष्टीनं जात नाही.

मग उचल. गल्ल्यातून पोराच्या वहीला, देवळाच्या वर्गणीला, दिराच्या पेट्रोलला पैसे जातात. जाऊ नयेत असं मी सांगत नाही. जातील तेव्हा 'घरात उचल' म्हणून लिहा, एवढंच. घरचा डबा वेगळा, धंद्याचा डबा वेगळा. पण दुसऱ्या किराणावालीची अडचण डब्यात मावणारी नाही. तिच्या दुकानात क्यूआर कोडचा कागद आहे, मालकांच्या नावचा. गिऱ्हाईक मोबाईल दाखवतं, पैसे मालकांच्या खात्यात पडतात, आणि संध्याकाळी माल भरायला हिच्या हातात चिल्लर. "इक्री माझी, पैसा त्यांचा," ती म्हणाली. मी तिला रोज संध्याकाळी मोबाईलवर आलेली रक्कम विचारून वेगळ्या रकान्यात लिहायला सांगितलं. विचारताना काय होईल, ते मला शिकवता येत नाही.

३.४५

सगळ्या गेल्या, शिलाईवाली झाडू मारायच्या निमित्तानं थांबली. तिची वही पिठाच्या डब्यात असते. कव्हरला पीठ लागलेलं. आत सुरेख अक्षर, रोजच्या नोंदी, आणि दर आठवड्याला एक: 'देवाला – १००'.

"कुठल्या देवाला?"

ती हसली नाही. "बहिणीकडं ठेवतीय. लिवलं की घरात दिसतं, दिसलं की जातं."

तीन दिवस मी घसा कोरडा करून सांगितलं होतं, नोंद खरी हवी. आता काय बोलू? शंभर रुपये गेले हे खरं, तारीख खरी, बेरीज खरी. खोटा आहे तो फक्त देव. मी म्हटलं, वर्षअखेरीला तुला एकटीला कळेल अशी ती बेरीज कर. आणि बहिणीकडून आकडा लिहून घे. ती म्हणाली, "पावती व्हय?" तेव्हा कुठं हसली.

जाता जाता चटणीवालीच्या दारात थांबले. एक पाकीट घेतलं. पैसे घेऊन तिनं धंद्याच्या डब्यात टाकले, माझ्याकडे बघत.

६.३०

घरी येऊन अहवालाचा फॉर्म भरला. उपस्थिती, विषय, फोटो. शिलाईवालीचा देव कुठल्या रकान्यात बसत नाही, ते बरंच आहे.

९.३०

जेवणात चटणी होती, लसूण किंचित जास्त. भांडी आवरून रोजकीर्द उघडली. जमा: सकाळचे २१४. नावे: एसटी जाता-येता ५०, चहा २०, शेंगाचटणी ६०. शिल्लक ८४. पाकिटात ८४. जुळलं.

वही मिटता मिटता थांबले. खाली, देण्याच्या रकान्यात लिहिलं: चटणीवाली – ६ रुपये.