क्लायंटचं घड्याळ, बेसाचं भाडं

(लेखमाला : परदेशचं काम, आपली माणसं – लेखांक ६)

मार्चचा दुसरा रविवार उलटला की नागपूरच्या बेसातल्या काही घरांत रात्रीचं ताट तासभर आधी मांडलं जातं. अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकतात, आपली तिथंच राहतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसातऐवजी साडेसहाच झालेले असतात. मिहानमधल्या आयटी कंपन्यांकडे नेणारी कॅबही त्याच हिशेबानं चौकात लवकर येऊन उभी राहते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा उलटा फेरा. सासूबाईंना कारण विचारलं तर म्हणतील, "सुनेच्या क्लायंटचा टाइम बदलला ना!"

आता त्या कॅबमधल्या मुलीचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. समजा, शिकागोची एक विमा कंपनी तिच्या तासाला २५ डॉलर मोजते. महिन्याचे १६० तास, म्हणजे ४,००० डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ३ लाख ४० हजार. मुलीच्या हाती पडतात ४० हजार. टपरीवर हे सांगून पाहा, लगेच कोणीतरी म्हणेल, "लुटून राहिले बे!"

टपरीला वाटतं तितकं ते सरळ नाही. टीसीएस, इन्फोसिससारख्या मोठ्या कंपन्यांचा कामकाजी नफा उत्पन्नाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो. दणदणीत आहे, पण मधले ३ लाख सगळे नफा नव्हेत. मधली रक्कम वाटेत झिरपते. ज्यांना आज प्रोजेक्टच नाही अशा 'बेंच'वरच्या पोरांचे पगार त्यातूनच निघतात. क्लायंटच्या ऑफिसात बसलेला आपला माणूस डॉलरमध्ये पगार घेतो. काम आणणारे सेल्सवाले, नव्यांचं प्रशिक्षण, इमारत, वीज, कॅब हे सगळं आलंच.

खरा प्रश्न वेगळाच आहे. तेच काम शिकागोतला माणूस कितीतरी पट पैसे घेऊन करतो आणि ही ४० हजारांत करते, ते कसं? ती कमी हुशार आहे म्हणून? अजिबात नाही. उत्तर बेसाच्या कटिंगच्या दुकानात आहे. तिनं लिहिलेला कोड तारेतून शिकागोला जातो, पण न्हावी जात नाही. मेसचा डबा, घरकामाच्या बाई, टू बीएचकेचं भाडं, यातलं काहीच निर्यात होत नाही, म्हणून त्याची किंमत इथल्या मजुरीवर ठरते. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली स्वतंत्रपणे हे कोडं मांडलं होतं : श्रीमंत देशात कटिंग महाग का? त्याचीच ही दुसरी बाजू. शिकागोची विमा कंपनी त्या मुलीचं डोकं विकत घेते आणि त्यासोबत बेसाची स्वस्ताईही. दुसरी गोष्ट बिलावर लिहिलेली नसते, एवढंच.

स्वस्ताईची हीच शिडी देशातही एक पायरी खाली उतरते. पुण्याच्या हिंजवडीचं भाडं परवडेना, तेव्हा कंपन्यांना नागपूर दिसलं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल मिहानमध्ये आल्या. त्यात एक फायदा कागदावर चटकन दिसत नाही. ज्याचे आईवडील याच गावात आहेत आणि ज्यानं घराचं कर्ज इथं काढलंय, तो पाच हजार जास्त मिळतात म्हणून नोकरी सोडून बंगळूरला पळत नाही. सोडून गेलेल्याच्या जागी नवा माणूस घडवण्याचा खर्च वाचतो. आईच्या हातचं वांग्याचं भरीतसुद्धा ताळेबंदात मोजलं जातं म्हणायचं!

रुपया घसरला तर? डॉलर ८५ वरून ८६ झाला की त्या मुलीच्या बिलावर काहीही जादा काम न करता ४,००० रुपये वाढतात. तिच्या पगारात मात्र ते येत नाहीत. काही कंपनीकडे राहतात आणि पुढच्या करारात क्लायंट आपला वाटा सवलत म्हणून मागून घेतो.

तिच्यापर्यंत पोहोचते ती वेगळीच वाढ. शेतांवर लेआउट पडले, पगारदार पोरं राहायला आली, आणि अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालक काका फोन करतात, "बाई, या वर्षी दोन हजार वाढवून द्या. आता बेसा काही पहिल्यासारखं नाही राहिलं."