कामापुरते वाचन : सुरुवात कुठून करायची?

(लेखांक ६)

चित्रांच्या वेळापत्रकाविषयी आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आता शब्दांकडे वळू.

‘शाळेत बाराखडी आली नाही, आता तिसाव्या वर्षी काय वाचणार?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या स्वमग्न प्रौढांचे आईवडील हे नेहमी विचारतात. बाराखडी न येताही अनेकांना अख्खा शब्द नजरेने ओळखता येतो. उलट काही जण वर्तमानपत्र घडाघडा वाचतात, पण अर्थ हाती लागत नाही. याला हायपरलेक्सिया म्हणतात. म्हणून वाचन उच्चारावर नव्हे, कृतीवर जोखायचे. ‘ढकला’ पाहून दार ढकलले, की ते वाचन झाले.

शब्द बालभारतीतून घेऊ नका. ती व्यक्ती आठवडाभर कुठे जाते, तिथे कोणत्या पाट्या लागतात, ते पाहा. ‘पुरुष’, ‘महिला’, ‘बाहेर’, ‘बंद’, ‘धोका’, नेहमीच्या थांब्याचे नाव, बसचा क्रमांक. मुंबईत बेस्टच्या बसवर क्रमांक देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही आकड्यांत दिसतो. तेव्हा दोन्ही शिकवावे लागतात. एका वेळी तीन-चार शब्द पुरेत.

समजा, ‘पुरुष’ शिकवायचा आहे. शब्द लिहिलेले कार्ड दाखवताक्षणी आपणच तो शब्द सांगायचा, शिकणाऱ्याने तो म्हणायचा. असे काही दिवस झाले, की कार्ड दाखवून चार-पाच सेकंद गप्प राहायचे. त्याने सांगितले तर शाबासकी, नाही तर आपण शांतपणे सांगायचे. ‘चूक’, ‘आठव ना’ असे म्हणायचे नाही. चुकायची वेळच कमी आली, तर चुकीचे उत्तर पक्के होत नाही. मग ‘पुरुष’ आणि ‘महिला’ शेजारी ठेवून नेमके कार्ड उचलायला सांगायचे.

खरी अडचण पुढे येते. घरी पांढऱ्या कार्डावरचा ‘पुरुष’ बिनचूक ओळखणारा माणूस एसटी स्टँडवर भिंतीवरच्या निळ्या अक्षरांपुढे थबकतो. कदाचित त्याने शब्दाऐवजी कार्डाचा दुमडलेला कोपराच लक्षात ठेवलेला असतो. शिकलेली गोष्ट नव्या जागी लागू करणे अनेक स्वमग्न व्यक्तींना जड जाते. त्यामुळे वेगवेगळ्या स्वच्छतागृहांच्या पाट्यांचे फोटो मोबाइलवर काढा, त्यांवर सराव घ्या आणि शेवटचा धडा त्या जागीच द्या. तिथे बोट दाखवून मदत करा. हळूहळू बोट मागे घ्या, मग स्वतःही दोन पावले मागे राहा.

शिकणारा प्रौढ आहे. त्याच्या हाती ससा-कासवाचे पुस्तक देणे हा त्याचा अपमान आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १८ने प्रौढ शिक्षणात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याची तजवीज करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. वय उलटले म्हणून कुणी दार लावत असेल, तर हे कलम दाखवा.

या आठवड्यात एवढे करा : रोजच्या वाटेवरच्या पाच पाट्यांचे फोटो काढा आणि त्यांतली पहिली कोणती शिकायची, ते त्यालाच निवडू द्या.

(पुढील लेखात : औषधाच्या पाकिटावरचे वाचन)