समजून घ्या : भूविकास बँक गेली, सातबाऱ्यावरचा बोजा गेला का?

गगनबावडा : डोंगरउतारावर शेती करायची तर विहीर, पाइपलाइन, सपाटीकरण असा मोठा खर्च येतो. विकास सेवा संस्थेचे पीककर्ज त्याला पुरत नाही. जमीन तारण ठेवून दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या भूविकास बँका यासाठीच होत्या. मुंबई प्रांतात त्यांची शिखर बँक १९३५ मध्ये सुरू झाली. पुढे थकबाकी वाढली, नवी कर्जे थांबली आणि बँका अवसायनात निघाल्या. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र राहिला. बोजा असेल तर नवे कर्ज मिळणे अवघड. २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३४ हजार शेतकऱ्यांचे ९६४ कोटींचे भूविकास कर्ज माफ केले. वडिलांच्या नावे असे कर्ज होते? मग सातबाऱ्यातील ‘इतर अधिकार’ रकाना तपासा. नोंद दिसल्यास तलाठ्याकडे अर्ज करा.