दांडिया बाजारातला नारिंगी दिवा

सकाळी साडेदहाला दांडिया बाजारातल्या आमच्या संस्थेचं कुलूप उघडलं की मी आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२० टाइप करतो, चहा त्यानंतर. हा पत्ता आमच्याच कार्यालयातल्या, पोह्यांच्या डब्याएवढ्या एका काळ्या पेटीचा आहे. तिला नॅस म्हणतात. तिला ना पडदा, ना कीबोर्ड. आत चार हार्डडिस्क, छोटासा संगणक आणि स्वतःचं एक वेबपान. तिची सगळी विचारपूस त्या पानावरूनच करायची.

बडोद्यातल्या मराठी घरांनी विश्वासाने दिलेली मोडी पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि नाटकांच्या हस्तलिखित संहिता आम्ही स्कॅन करून तिच्यात ठेवल्या आहेत. जपून ठेवण्याची काळजी या शहराला नवी नाही: सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथे ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून फरशा काचेच्या आहेत. ठेवण्याच्या जागेचा असा विचार मला पेटीसाठीही करावा लागला. एका मे महिन्यात पानावर डिस्कचं तापमान ५६ अंश दिसलं. कपाटाची मागची फळी काढली, पंख्याच्या जाळीवरची धूळ ब्रशने झाडली. दुसऱ्या दिवशी ४४.

पण मला हे पान रोज बघायला शिकवलं ते त्याआधीच्या एका पावसाळ्याने. तेव्हा मी महिन्यातून एकदा यायचो. पान उघडलं तर तिसऱ्या डिस्कसमोर लाल फुली, आणि पेटीवरचा एरवीचा हिरवा दिवा नारिंगी. नोंदवही, म्हणजे लॉग, वाचली: डिस्क बंद पडून तेवीस दिवस झाले होते. पेटीने रोज मेल पाठवली होती, नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या पत्त्यावर. ती ओरडलीही होती. कार्यवाह काका म्हणाले, "अरे, तो पीं-पीं आवाज मीच बंद करायला सांगितला. अभ्यासिकेतली मुलं वैतागली होती."

चार डिस्कवर माहिती अशी वाटलेली असते, की कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. या मांडणीला रेड ५ म्हणतात. दुसरी गेली की सगळंच गेलं. तेवीस दिवस आम्ही त्या काठावर होतो. नवी डिस्क घातली आणि पुनर्बांधणीचा आकडा शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत चौदा तास मी तिथून हललो नाही.

त्या पानावर 'स्मार्ट' नावाचा एक तक्ता असतो. खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, संख्या त्यात दिसते. ती वाढू लागली की मी नवी डिस्क मागवतो. मात्र तक्ता स्वच्छ म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी या तक्त्यातल्या मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

म्हणून दुसरी प्रत हवीच. कोणी चुकून फोल्डर पुसलं तर रेड ते वाचवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मला झोप लागली ती केवळ एक प्रत पुण्याला सभासदाच्या घरी होती म्हणून.

घरबसल्या पान दिसावं म्हणून राउटरमधून त्याला थेट इंटरनेटची वाट करून देणारेही भेटतात. तसं करू नका, अगदी कळकळीने सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या अशा हजारो पेट्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या; मालकांना लॉगिनच्या जागी खंडणीची चिठ्ठी दिसली. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे परवानगी असलेल्यांपुरती सुरक्षित वाट, घ्या, आणि अपडेटची सूचना आली की पुढे ढकलू नका.

दर पहिल्या तारखेला मी पानावरून चाचणीची मेल पाठवतो. ती आता तिघांना जाते. काकांचा फोन वाजतो, ते चष्मा वर करून बघतात आणि आतून आवाज देतात, "आली रे!" मग मी ते पान बंद करतो.