रात्रीच्या गोळीचा दिवस

सकाळी ९. शटर वर जातं न जातं तोच एक काकू पायरीवर हजर. "ती झोपेची बारीक गोळी द्या." चिठ्ठीवर लिहिलंय अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, आणि आजार अर्धशिशी. १९६१ साली अमेरिकेत हे औषध नैराश्यासाठी मंजूर झालं. माझ्या काउंटरवरून मात्र ते जास्त जातं डोकेदुखीला आणि मधुमेह्यांच्या पायांच्या आगीला, तेही कमी डोसात. त्यामुळे घरोघरी ती कुठे 'झोपेची', कुठे 'नसांची' गोळी होते आणि दुसऱ्या डॉक्टरांना सांगायची राहून जाते. माझा निम्मा दिवस ही राहिलेली माहिती काढण्यात जातो.

काकूंचं डोकं सकाळी जड असतं. गोळी कधी घेता? "सगळ्या सिरियली संपल्या की, साडेअकराला." मग सकाळी गुंगी राहणारच. थोडी लवकर घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा, म्हटलं. आणि तोवर सकाळी स्कूटर नको.

साडेदहा. पंधराच गोळ्या हव्यात, म्हणजे दुसरं पान कापायचं. कात्री लावण्याआधी नाव आणि मुदत कुठल्या टोकाला छापलीय ते बघतो. गिऱ्हाइकाला तोच तुकडा, उरलेला त्याच खोक्यात परत. बिननावाच्या चार गोळ्या घरच्या डब्यात पडल्या की त्या कोणीही कशावरही घेतं.

सव्वाबारा. आजोबांना सर्दीची गोळी हवी, साधी, चिठ्ठी कशाला? पण त्यांची पायांच्या आगीची गोळी माझ्याकडूनच जाते आणि प्रोस्टेटचा त्रासही मला ठाऊक आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. दोन्ही औषधं तोंड कोरडं पाडतात, बद्धकोष्ठ करतात, झोप आणतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकतात. "वाफ घ्या आजोबा, आणि डॉक्टरांना फोन करू." रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसा, मग उभे राहा, हेही सांगितलं, पायांच्या आगीच्या गोळीने उठताना रक्तदाब उतरतो. काचबिंदूतही ही गोळी जपून, पण तो आहे का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दीड. डबा. मध्ये दोनदा उठलो.

चार. दिवसातलं खरं काम आता आलं. एका बाईंच्या हातात दोन चिठ्ठ्या. हाडांच्या डॉक्टरांनी प्रीगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी दिलीय, शिवाय ट्रॅमाडॉल. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन. ब्रँडची नावं इतकी वेगळी की नॉरट्रिप्टिलिन आणि अमिट्रिप्टिलिन एकाच घराण्यातली औषधं आहेत हे बाईंना कळायला वावच नाही. अशा जोडगोळ्यांवर माझा रागच आहे. दुसरं औषध बारीक अक्षरांत लपतं. त्यात ट्रॅमाडॉलची भर पडली की झटक्यांचा आणि सेरोटोनिन वाढण्याचा धोका. दोन्हीकडे फोन लावले. पहिल्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल थांबवलं, दुसऱ्यांनी अमिट्रिप्टिलिन. बाई वैतागल्या होत्या, कारण रिक्षा थांबली होती.

साडेसहा. एका तरुणाची आई. त्याला नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिनच चालू आहे, डोस वाढवत नेलेला. "आता बरा आहे, बंद करू का?" नको. एकदम सोडलं तर मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं, जीव घाबरा होणं असे प्रकार होतात. डॉक्टर हळूहळू उतरवतील. उलट सुरुवातीला दोन-चार आठवडे फरक दिसत नाही म्हणूनही लोक सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे तर पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण त्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. गोळ्या आईने स्वतःकडे कुलपात ठेवाव्यात आणि थोड्याच न्याव्यात, हे मी आडून सांगत नाही. जास्त गेल्या तर हृदयाची लय बिघडते. लहान मुलाला थोड्याही भारी पडतात. तसं काही झालं तर लक्षणांची वाट न पाहता थेट हॉस्पिटल. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर पिशवीवर लिहून दिला.

साडेनऊ. "वहिनीला झोप येत नाही, एक पान द्या." चिठ्ठी? "ओळखीचेच आहोत की." शेड्यूल एच आहे, चिठ्ठीशिवाय नाही. वहिनींना हृदयाचा त्रास आहे का, हे त्याला सांगता आलं नाही. समोरच्या दुकानात मिळेल म्हणत तो गेला. बहुधा मिळालीही असेल.

दहा. उद्याची ऑर्डर. १० आणि ७५ च्या पाकिटांचा रंग जवळजवळ एकच, म्हणून ७५ वरच्या खणात हलवलं आणि सकाळी येणाऱ्या पोऱ्यासाठी खणावर मार्करने मोठा आकडा काढला.