अंतर रंगाच्या भांड्यात ठरते

१९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौसर हा मराठी बोलणारा मुलूख सरहद्दीपलीकडे मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी विलायतेतील आय.सी.आय. कंपनीने, थंड पाण्यातच सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे ‘प्रोसियन’ रंग बाजारात आणले. या दोन घटनांचा परस्परसंबंध मुळीच नाही; परंतु त्या मुलखाचे निसर्गचित्र हाताने रंगवलेल्या कापडाच्या गोधडीवर उतरवू पाहणाऱ्यास दोन्हींशी काम पडते.

गोधडी म्हणा वा वाकळ, तिच्यात जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जाणाऱ्या गृहिणीपुढचे रंग उन्हाने आणि धुण्याने ठरवून ठेवलेले असतात, आणि त्या अपरिहार्यतेतूनही केवढे सौंदर्य निर्माण होते हे अलाबामातील जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या तेव्हा अमेरिकेतल्या रसिकांना उमगले. निसर्गचित्राचे तसे नाही. तेथे टाका घालण्यापूर्वीच रंगाची तजवीज करावी लागते, आणि आमच्या मते या कलेचे खरे कौशल्य सुईपेक्षा रंगाच्या भांड्यात अधिक आहे.

सातपुड्याच्या रांगा जितक्या दूर तितक्या फिकट व निळसर दिसतात, कारण मधली हवा प्रकाश विखुरते; म्हणून एकाच निळ्या द्रावणात दर वेळी निम्मे पाणी मिसळून चार-पाच भांडी करावीत, खळ काढलेले सुती कापड त्यांत भिजवावे, धुण्याच्या सोड्याने रंग पक्का होऊ द्यावा आणि ओले कापड रात्रभर झाकून ठेवून मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. आकाशासाठी कापड थोड्या पाण्यात चुरगळून कोंबले असता रंग कोठे गडद, कोठे विरळ बसतो आणि ढग आपोआप उमटतात; हे ढग ठरवून काढता येत नाहीत, हीच त्यांची शोभा.

कपाशीच्या काळ्या जमिनीस बाजारातला काळा रंग वापरू नये, तो मृत दिसतो. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेले कापड, लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात मुरवून केलेल्या द्रवात बुडविले की जो करडा-काळा उतरतो, तो नांगरलेल्या मातीच्या फार जवळचा असतो. संत्र्याच्या बागांना मात्र गर्द हिरवा हवा. फळे मोठी दाखवण्याचा मोह आवरून केशरी धाग्याच्या गाठी पुरेत, नाहीतर चित्राची जाहिरात होते.

तुकडे लावताना आकाश आधी, मग दूरचे डोंगर, मग शेते व शेवटी त्या मुलखातल्या जाम नदीचे पात्र, असा क्रम ठेवून जवळचा तुकडा दूरच्यावर चढवावा. खाली पिंजलेला कापूस व अस्तर घालून टाके आकाशात आडवे, डोंगरावर उतारानुरूप आणि शेतात तासांच्या दिशेने घालावेत. दाट टाक्यांनी कापड आक्रसते, तेव्हा चारही बाजूंनी चार बोटे जादा राखणे इष्ट. पाठीमागे वरच्या कडेस कापडी नळी शिवून तीत काठी ओवावी, आणि फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाचा पिवळा कोठे वापरला असेल तर ऊन येणारी भिंत टाळावी, कारण तो रंग प्रकाशात लवकर उडतो.